‘पाठी’ आणि ‘पाठीशी’: भटारखान्यातल्या प्रेमकथेची सबटायटल्स लिहिताना

जवळजवळ संपूर्णपणे एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात घडणाऱ्या इंग्रजी चित्रपटाची मराठी सबटायटल्स लिहिण्याचे काम मी केले, त्याचा हा अनुभव आहे. करारातील गोपनीयतेच्या अटीमुळे चित्रपटाचे आणि काम देणाऱ्या कंपनीचे नाव येथे देता येत नाही, परंतु कामाविषयी जे सांगायचे आहे त्यासाठी त्या नावांची गरजही नाही.

कथा थोडक्यात सांगते. एका नावाजलेल्या रेस्टॉरंटच्या मुख्य शेफची, एका स्त्रीची, वास घेण्याची क्षमता आजारपणानंतर गेलेली असते आणि तिने ही गोष्ट सगळ्यांपासून लपवलेली असते. मालक तिला न विचारता एक दुय्यम शेफ नेमतो. तिला तो डोळ्यांसमोर नको असतो, पण तिच्या पदार्थांना आता दुसऱ्या कोणाचे तरी नाक लागणार असते. पहिला तासभर हसवणारा हा चित्रपट नंतर हळूहळू गंभीर होत जातो, आणि तो बदल मोठमोठ्या संवादांतून न होता कामाच्या चार-दोन शब्दांतून होतो. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना. एकही ओळ लिहिण्याआधी चित्रपट दोनदा सलग, न थांबवता पाहायचा हा माझा नेहमीचा नेम आहे, आणि या वेळी त्या नेमाने मला वाचवले.

चित्रपटाच्या फाइलबरोबर मूळ संवादांची वेळेसह यादी आणि यंत्राने केलेला मराठी कच्चा मसुदा, अशा दोन गोष्टी आल्या होत्या. मसुदा सुधारून द्यावा, म्हणजे वेळ वाचेल, अशी अपेक्षा होती. मी पहिली वीस पाने वाचली. एखाद्या टेबलाचा पदार्थ आता शिजवायला घ्या हे सांगण्यासाठी इंग्रजी स्वयंपाकघरात ‘फायर’ म्हणतात. मसुद्यात शेफ सहा नंबरच्या टेबलाला आग लावायला सांगत होती. एखादा पदार्थ संपला की तिथे ‘एटी-सिक्स’ म्हणतात. मसुद्यात मासा ‘शहाऐंशी’ झाला होता. ऑर्डरींचा डोंगर साचून हात अपुरे पडू लागले की ‘इन द वीड्स’ म्हणतात. मसुद्यातले लोक तणात उभे होते. असा मसुदा सुधारत बसले की त्याची वाक्यरचना नकळत आपल्या कानात घर करते, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि कोऱ्या फाइलपासून सुरुवात केली.

सबटायटल लिहिणाऱ्याला जागा किती असते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालतो. मला दिलेल्या नियमांनुसार एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत ४२ चिन्हे, पडद्यावर कमीत कमी २० फ्रेम आणि जास्तीत जास्त सात सेकंद, एवढ्या चौकटीत सगळे बसवायचे होते. त्यातही देवनागरीची अडचण वेगळी आहे. संगणक मात्रा, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजतो, त्यामुळे डोळ्यांना एकच अक्षर दिसणारे ‘स्त्री’ मोजणीत सहा चिन्हांचे होते. वाचणाऱ्याला ते एका दृष्टिक्षेपात कळते, पण सॉफ्टवेअर लाल खूण दाखवते. जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचे कारण म्हणूनच शैलीइतकेच हिशेबाचेही असते. ‘प्रतीक्षा करा’ लिहिण्यापेक्षा ‘थांबा’ लिहावे, हे मला कोणत्याही व्याकरणाने शिकवले नाही, मोजपट्टीने शिकवले.

खरे काम सुरू झाले ते स्वयंपाकघरातल्या आरोळ्यांपासून. मोठ्या रेस्टॉरंटच्या भटारखान्यात माणसे हातात उकळती भांडी आणि धारदार सुऱ्या घेऊन अरुंद जागेतून एकमेकांच्या मागून जात असतात, म्हणून प्रत्येक जण आपल्या येण्याची वर्दी देतो. पाठमोऱ्या माणसाच्या मागून जाताना ‘बिहाइंड’, कोपऱ्यावरून वळताना ‘कॉर्नर’, गरम भांडे नेताना ‘हॉट’, ताट तयार झाल्यावर ते न्यायला कोणी यावे म्हणून ‘हँड्स’, आणि सांगितलेले पोचले हे कळवण्यासाठी ‘हर्ड’. हे शब्द सुरक्षिततेचे आहेत. ते इतके आखूड आहेत याचे कारण ते वेळेत पोचले नाहीत तर कोणीतरी भाजते.

या सगळ्या शिस्तीचा उगम समजून घेतल्याशिवाय मला पुढे जाता येईना, म्हणून दोन दिवस मी वाचनात घालवले. आधुनिक रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराची रचना ऑग्यूस्त एस्कोफिये (१८४६–१९३५) या फ्रेंच शेफच्या नावाशी जोडलेली आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याच्या स्वयंपाकघरात होता, आणि पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम करताना त्याने भटारखान्याची विभागणी लष्करी तुकडीसारखी केली: मुख्य शेफ, त्याच्या हाताखाली दुय्यम शेफ, मग सॉस, थंड पदार्थ, मिष्टान्ने अशा एकेका विभागाचे प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली शिकाऊ. या रचनेला ‘ब्रिगेड’ म्हणतात, आणि त्यात ऑर्डरी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसाचे फ्रेंच पदनामच मुळी ‘भुंकणारा’ या अर्थाचे आहे. ‘शेफ’ या शब्दाचा अर्थही मुळात ‘प्रमुख’ एवढाच. स्वयंपाकाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. हे कळल्यावर ‘यस, शेफ’ या चित्रपटभर येणाऱ्या दोन शब्दांचा सूर मला सापडला. ते उत्तर हुकूम मिळाल्याची पोच आहे. त्यामुळे तिथे ‘आचारी’ हा शब्द आणायचा मोह मी सोडला, ‘हो, शेफ’ एवढेच ठेवले, आणि ‘बरं’, ‘ठीक आहे’, ‘करतो’ असे पर्याय कुठेही वापरले नाहीत. वैविध्याच्या हौसेने ते बदलले असते तर कवायतीचा ठेका मोडला असता.

आरोळ्यांसाठी मी आधी लांबलचक यादी केली आणि मग ती मोठ्याने ओरडून पाहिली. ‘गरम!’ आणि ‘कोपरा!’ लगेच जमले. ‘हँड्स’साठी ‘हात!’ लिहिले होते, पण मराठीत कोणी ‘हात!’ म्हणून ओरडले तर आपण हात मागे घेतो, पुढे करत नाही, तिथे ‘उचला!’ आले. ‘हर्ड’साठी ‘ऐकलं!’ घेतले. ‘फायर’चे ‘टाका!’ झाले, कारण कढईत टाकणे आणि कामाला लावणे हे दोन्ही त्यात येते. ऑर्डरींच्या डोंगरासाठी ‘तुंबलंय’ सापडले, तेव्हा फार समाधान वाटले. शेफच्या तोंडी ‘सॉसकडे तुंबलंय, कोणीतरी जा’ हे वाक्य असे बसले की ते मूळचेच मराठी असावे.

‘बिहाइंड’ मात्र अडले. हा शब्द चित्रपटात ३१ वेळा येतो, मी मोजले. तीस वेळा तो आरोळी म्हणून येतो. एकतिसाव्या वेळी, शेवटच्या दृश्यात, शेफ आपल्या सगळ्या सहकाऱ्यांसमोर आपल्याला वास येत नसल्याचे सांगते, आणि शांतता पसरलेली असताना तो नवा माणूस तिच्या मागे येऊन उभा राहतो आणि हळू आवाजात तोच शब्द म्हणतो. आता ती वर्दी राहिलेली नसते. ‘मी आहे’ असे तो सांगत असतो. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही अर्थ पेलतो. मी सुरुवातीला ‘मागे!’ लिहिले होते, आणि तीस ठिकाणी ते उत्तम चालले. परंतु शेवटी ‘तुझ्या मागे आहे’ म्हटले की तो माणूस तिच्या मागे लागला आहे असाच सूर निघतो. ‘मागे’ या शब्दाची मराठीतली सवयच तशी आहे. दुसरीकडे ‘तुझ्यासोबत आहे’ लिहिले तर अर्थ पोचतो, पण आधीच्या तीस आरोळ्यांशी असलेला धागा तुटतो, आणि प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो तो त्या धाग्यामुळेच.

दोन दिवस मी या एका शब्दावर घालवले. उत्तर शेवटाकडून सुरुवातीकडे येताना मिळाले. शेवटी जे म्हणायचे आहे त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे: पाठीशी. पाठीशी उभे राहणे हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मग आरोळी ‘पाठी!’ अशी असायला हवी. पाच चिन्हांचा, ओरडायला सोपा आणि लिंगनिरपेक्ष, म्हणजे ओरडणारा पुरुष आहे की स्त्री हे ‘येतोय’, ‘येतेय’ या रूपांप्रमाणे सांगत बसावे लागत नाही. मी तीसही ठिकाणी ‘मागे!’ काढून ‘पाठी!’ घातले, आणि एकतिसाव्या ठिकाणी ‘पाठीशी.’ लिहिले. उद्गारचिन्हाच्या जागी पूर्णविराम आला.

चित्रपटाच्या मध्यावर रात्रीच्या गर्दीचे एक दृश्य आहे, जवळजवळ नऊ मिनिटांचे, ज्यात एका वेळी चार-पाच माणसे बोलत असतात. सगळे लिहिणे अशक्य असते. तिथे मी एक नियम केला: कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर आहे त्याला जे ऐकू येत असेल तेवढेच लिहायचे. टेबलांचे आकडे जवळपास सगळे गाळले. याच दृश्यात एक विनोद आहे. नवा माणूस कसा आहे असे मालक विचारतो आणि शेफ सॉस ढवळता ढवळता म्हणते, “हाताला चव आहे. ओटा स्वच्छ ठेवतो. वेळेवर येतो. मला नको.” शेवटचे दोन शब्द मी वेगळ्या सबटायटलमध्ये टाकले, कारण अभिनेत्री त्याआधी डाव चाखते आणि क्षणभर थांबते. तिने बोलण्याआधी प्रेक्षकाने वाचले तर हशा चुकीच्या जागी पिकतो, आणि विनोदी चित्रपटात सबटायटल लिहिणाऱ्याकडून होणारी ही सर्वांत मोठी हानी आहे असे मी मानते.

इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ याचा निर्णय पहिल्या संवादापासून घ्यावा लागतो, आणि प्रेमकथेत तो निर्णय म्हणजे अर्धी कथा असते. स्वयंपाकघरातले सगळे शेफला ‘तुम्ही’ म्हणणार आणि ती सगळ्यांना ‘तू’ म्हणणार, हे ब्रिगेडच्या रचनेतूनच ठरले. प्रश्न नव्या माणसाचा होता. हाताखालचा म्हणून तिने त्यालाही ‘तू’ म्हणावे हे सरळ होते, पण त्यात तिचा दुरावा दिसला नसता. म्हणून मी तिच्या तोंडी, सबंध भटारखान्यात फक्त त्या एका माणसासाठी, ‘तुम्ही’ ठेवले. “तुम्ही तुमचा विभाग बघा” हे वाक्य ‘तू’पेक्षा कितीतरी थंड आहे. गर्दीच्या त्याच दृश्यात तवा पेटतो आणि ती त्याला ढकलून ओरडते, “बाजूला हो!” तिथे पहिल्यांदा आदरार्थी रूप गळून पडते. ती त्याच्यावर खेकसलेली असते, पण त्याच क्षणी तो तिच्या माणसांपैकी एक झालेला असतो, आणि इंग्रजीत अजिबात नसलेली ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला आपोआप मिळते.

त्याच्या बाजूने ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी व्हावे, हे ठरवताना मी चुकले. इंग्रजीत तो तिला चित्रपटभर ‘शेफ’ म्हणतो आणि एका कडाक्याच्या भांडणात पहिल्यांदा नावाने हाक मारतो. जवळीक इथेच सुरू होते असे मानून मी त्या भांडणातच ‘तू’ लिहिले. माझ्या सबटायटल्सची पहिली वाचक असलेल्या मैत्रिणीने ते दृश्य पाहून सांगितले की हा माणूस तिला एकदम उद्धट वाटू लागला. तिचे बरोबर होते. मराठीत ‘तू’ जिव्हाळ्याच्या दारातून येतो तसा अपमानाच्या दारातूनही येतो, आणि भांडणात तो नेहमी दुसऱ्या दारातून येतो. मी भांडणातली सगळी क्रियापदे पुन्हा आदरार्थी केली. नाव घेतलेले आणि तरीही ‘तुम्ही’ राखलेले ते वाक्य आता अधिक लागते.

मग ‘तू’ कुठे? चित्रपटाच्या सुरुवातीला, रेस्टॉरंट उघडण्यापूर्वी सगळे कर्मचारी एकत्र जेवतात ते दृश्य आहे. शेफ उभीच असते, तेव्हा तो विचारतो, “शेफ, जेवलात का?” ती उत्तर देत नाही. शेवटापूर्वीच्या दृश्यात रेस्टॉरंट बंद झालेले असते, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात, भिंतीवरचा फक्त एक दिवा चालू असतो. ती शीतखोलीतून रडून बाहेर येते आणि पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसते. दिवसभर शेकडो चमचे चाखणारी ही बाई जेवलेली नसते. तो एक वाडगा तिच्या हातात देतो, चमच्याचा दांडा तिच्या बाजूला वळवतो, आणि इंग्रजीत जवळजवळ तेच तीन शब्द पुन्हा म्हणतो. तिथे मी लिहिले, “जेवलीस का?” पहिल्यातली ‘शेफ’ ही हाक वगळून मोजली तर दोन्ही वाक्ये दहा-दहाच चिन्हांची आहेत. ‘तू’ हे सर्वनाम कुठेच नाही, त्याने ते उच्चारण्याचे धाडस केलेले नाही. फक्त क्रियापदाचा शेवट बदलला आहे. ते सबटायटल लिहून झाल्यावर मी त्या दिवशी पुढचे काही लिहिले नाही.

एक चूक मात्र आणखी आत दडलेली होती. ती त्याला वारंवार पदार्थ चाखायला सांगते, त्या वाक्यासाठी मी सहज ‘मीठ बघ’ लिहिले होते, कारण स्वयंपाक करणारे माणूस दुसऱ्याला चाखायला देताना हेच म्हणते. पण तिची जीभ शाबूत आहे, गेले आहे ते नाक. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (मांसाच्या किंवा मशरूमच्या रश्शात लागते ती) या चवी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग तोंडातून मागच्या बाजूने नाकाकडे जाणाऱ्या वासाचा असतो. म्हणजे मीठ तिला स्वतःला कळतच असणार, त्यासाठी तिला कोणाची गरज नाही. मूळ संवादात हा फरक कसोशीने पाळलेला होता आणि माझ्या हातून तो एका ओघवत्या वाक्प्रयोगापायी पुसला जात होता. मी सबंध फाइल पुन्हा तपासली, जिभेशी संबंधित सगळ्या ठिकाणी ‘चव’ आणि वासाशी संबंधित सगळ्या ठिकाणी ‘स्वाद’ असे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे केले, आणि ‘मीठ बघ’च्या जागी ‘स्वाद बघ’ घातले. मालकाशी बोलताना ती म्हणते, “चव कळते मला. स्वाद गेलाय.” हे वाक्य या विभागणीशिवाय लिहिताच आले नसते. ‘हाताला चव आहे’ एवढे एक ठिकाण मी तसेच राहू दिले, कारण तो वाक्प्रचार आहे आणि तिथे जीभही नाही, नाकही नाही.

फाइल पाठवली आणि आठवड्याने तपासनिसाकडून परत आली. बहुतेक दुरुस्त्या योग्य होत्या: तीन ठिकाणी सबटायटल दृश्य बदलल्यानंतरही रेंगाळत होते, एका ठिकाणी खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडत होती. परंतु ‘पाठी’ हा शब्द बोलीतला आहे, प्रमाण मराठीत ‘मागे’ म्हणतात, असा शेरा मारून तीसही ठिकाणी तो एका फटक्यात बदललेला होता. शेवटचे ‘पाठीशी’ तेवढे जागेवर होते, कारण तो शब्द वेगळा असल्याने शोध-बदलाच्या आज्ञेत सापडला नव्हता. मला त्या वेळी मनापासून राग आला. तपासनिसाने सुटी वाक्ये तपासली होती, चित्रपट पाहिला नव्हता, हे उघड होते, आणि जिथे मोबदला मिनिटांवर मोजला जातो तिथे तो पाहण्याइतका वेळ त्याला कोणी दिलेलाही नसावा.

मी उत्तरात प्रमाणभाषेविषयी वाद घातला नाही. शेरा व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचा नव्हताच. मी फक्त पाच आरोळ्यांच्या आणि शेवटच्या दृश्याच्या वेळा लिहून पाठवल्या, आणि त्या सहा जागा त्याच क्रमाने, आवाजासह पाहाव्यात अशी विनंती केली. भटारखान्यातली माणसे सभेत बोलत नाहीत, ती बोलीतच ओरडणार, एवढे एक वाक्य जोडले. चार दिवसांनी फाइल परत आली. तीसही ‘पाठी!’ पूर्ववत केलेले होते, आणि शेवटच्या दृश्याजवळ तपासनिसाने स्वतःहून एक सूचना लिहिली होती: ‘पाठीशी.’ हे सबटायटल सहा फ्रेम उशिरा आणावे, कारण तो बोलण्याआधी तिचा खांदा किंचित हलतो आणि प्रेक्षकाची नजर आधी तिथे जायला हवी.

ती सूचना मी तशीच घेतली. ‘पाठीशी.’ आता दोन सेकंद टिकते. त्यानंतर पडदा बराच वेळ कोरा राहतो, फक्त एक्झॉस्ट पंख्याची घरघर ऐकू येते. ती वळून पाहत नाही. पुसलेल्या ओट्यावरून पुन्हा एकदा फडके फिरवते, आणि दिवसभरात शंभरदा ऐकलेला शब्द या वेळी ती स्वतः उच्चारते. मी तिथे ‘ऐकलं.’ लिहिले आहे, खालच्या ओळीत, मधोमध, आणि पडदा काळा होण्याच्या दोन फ्रेम आधी ते काढून घेतले आहे.